परमेश्वरचं चित्र

सैनिकी शाळेत सहावीला आलेलं पोरगं पहिल्या आठवड्यात एकदा तरी रडतंच. कुणी पांघरुणात तोंड खुपसून रडतं, कुणी न्हाणीतला नळ मोठा सोडून रडतं. चारठाण्याचा परमेश्वर रडला तो भर परेडच्या मैदानावर, सगळी शाळा उभी असताना, हुंदके देत. त्यानंतर महिनाभर पोरांना दुसरा उद्योग नव्हता. परमेश्वर दिसला की नाक ओढून दाखवायचं आणि हसायचं.

त्या महिन्यात त्या पोरानं एक शोध लावला. रांगेत जो पुढं असतो त्याच्यावर हवालदाराची नजर असते. जो मागं असतो त्याच्यावर संशय असतो. मधोमध उभं राहणाऱ्याकडं मात्र कुणी बघत नाही. मग परमेश्वर मधोमध उभा राहायला लागला. मेसच्या रांगेत मधे, वर्गात मधल्या बाकावर, पळायच्या शर्यतीतही मधेच. विचारलं तर उत्तर द्यायचं, पण बेतानं, दुसरा प्रश्न येणार नाही इतकंच. मार्कांनीसुद्धा त्याची मधली पायरी कधी सोडली नाही. झरीच्या पुढं, जिंतूरच्या रस्त्याला लागून माळावर बांधलेल्या त्या शाळेत तो साखरेसारखा विरघळून गेला. शिक्षा नाही, चिडवणं नाही, सुखच सुख.

नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत त्याला ताप भरला आणि शाळेत यायला उशीर झाला. मायनं डॉक्टरची चिठ्ठी खिशात घालून दिली होती. रेक्टर काय म्हणतील, उत्तर काय द्यायचं, हे तो बसमध्ये घोकत आला. पण कुणी काही विचारलंच नाही. रेक्टरांनी सवयीनं रोज त्याच्या नावापुढं ‘हजर’ लावलं होतं. शेवटी त्यानं शेजारच्या पलंगावरच्या महारुद्रला आपणहून सांगितलं, “मी आजच आलो गावाकडून.”

महारुद्र बुटाला पॉलिश करत होता. वर न बघता म्हणाला, “मजाक करायलाय का? काल तर हितंच होतास की.”

परमेश्वर पलंगावर बसून राहिला. आपला शोध जरा जास्तच लागू पडला, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण तोवर सवय हाडात मुरली होती. अकरावीत एकदा खोलीत सगळे गप्पा हाणत होते, तेव्हा त्यानं धीर करून एक किस्सा सांगायला घेतला. अर्ध्यात आला तेव्हा कळलं की ऐकायला कुणी नाही, सगळे खिडकीत जाऊन कुत्र्यांची भांडणं बघायलेत. त्यानं किस्सा पुरा केला. उशीला सांगितला.

ज्याला कुणी बघत नाही त्याला बघायला मात्र भरपूर मिळतं. कोण कसा चालतो, कोण खोटं बोलताना कान खाजवतो, कुणाचा आवाज घरून फोन आला की बारीक होतो, सगळं परमेश्वरला पाठ. न्हाणी रिकामी असली की तो आरशासमोर उभा राहून कधी प्राचार्य व्हायचा, कधी मेसचा आचारी. कुणाची चाहूल लागली की पुन्हा परमेश्वर व्हायचा आणि तोंडावर पाणी मारायचा.

या शाळेत एक रिवाज होता आणि तो चित्रकलेच्या वाव्हळे सरांनी पाडलेला होता. बारावीची बॅच निघाली की सर एकेका पोराचं गमतीचं चित्र काढायचे, खाली एकदोन ओळी लिहायचे, आणि निरोपाच्या परेडच्या दिवशी मेसच्या भिंतीलगत दोरी बांधून, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी ती चित्रं चिमट्यांनी लावायचे. ज्याचं त्यानं आपापलं चित्र घरी न्यायचं. सर्टिफिकेट हरवलं तर दुसरं मिळतं, वाव्हळे सरांचं चित्र मिळत नाही, असं पोरं म्हणत.

नागसेन वाव्हळे सर शाळेतल्याच क्वार्टरमध्ये राहायचे, एकटे. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून बायको सुकेशनी आणि मुलगी दोघी लातूरला खोली घेऊन राहिल्या होत्या, क्लासच्या जवळ. सर स्वतःच्या हातानं खिचडी टाकायचे आणि रात्री जेवल्यावर पाण्याच्या टाकीजवळच्या दिव्याखाली, रेंज येते तिथं, फोन घेऊन उभे राहायचे.

परमेश्वर सहावीपासून दरवर्षी ती चित्रं डोळे भरून बघत आला होता. आणि दरवर्षी मनात एकच घोळायचं, की सर आपलं काय काढतील? आपल्यात असं काय दिसेल त्यांना? माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तसं ते त्याला दिसत नव्हतं. बघणाऱ्याला दिसेल, सरांना तर दिसेलच, एवढा त्याला भरवसा होता.

बारावीचे पेपर सुरू झाले तसे सर वही-पेन्सिल घेऊन मैदानाच्या कडेला बसायला लागले. पोरं त्यांच्यासमोरून मुद्दाम छाती काढून जायची. परमेश्वरही गेला. एकदा नुसता गेला. एकदा टोपी मुद्दाम तिरकी घालून गेला. सर कागदावरून डोळे न उचलता म्हणाले, “टोपी नीट घाल रे.” त्यानं नीट घातली. पण बोलले तरी, या आनंदात तो पुढचा पेपर देऊन आला.

शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निरोपाची परेड झाली. मार्चचं ऊन नऊलाच चटके द्यायला लागलं होतं. पाहुण्यांचं भाषण लांबलं, आठवीतली दोन पोरं चक्कर येऊन बसली, आणि अखेर “विसर्जन” म्हटल्याबरोबर बारावीची पोरं टोप्या उडवून जी सुटली ती थेट मेसच्या भिंतीकडं.

हशा तर परेडच्या मैदानापर्यंत ऐकू येत होता. परेड कमांडर योगीराज, ज्याच्या आवाजाचा दरारा सगळ्या माळावर होता, त्याच्या चित्रात तो ‘सावधान’ ओरडतोय आणि शेजारच्या शेतातल्या म्हशी खुराला खूर जुळवून, शेपट्या सरळ करून उभ्या आहेत. खाली लिहिलं होतं, ‘दूध आटलं, पण शिस्त लागली.’ महारुद्रचं नाव ऐकून माणूस आधी दोन पावलं मागं सरायचा, मग तो काडीपैलवान बघून पुढं यायचा. सरांनी रायफलीला हातपाय काढले होते आणि ती महारुद्रला खांद्यावर टाकून ऐटीत परेड करत चालली होती. भुजंग दोरीवर सगळ्यांच्या आधी चढायचा, पण पालीला भ्यायचा. तो दोरीच्या अर्ध्यावर लोंबकळतोय आणि वरच्या टोकाला बसलेली पाल त्याला सॅल्यूट ठोकतेय. नागनाथसमोर भाकरींचा डोंगर होता, कमरेला दोर बांधून तो शिखरावर झेंडा लावत होता, आणि पायथ्याशी आचारी हात जोडून उभा होता.

परमेश्वर हसत हसत एकेक चित्र बघत पुढं सरकत होता. दोरीच्या जवळजवळ शेवटाला त्याला आपलं नाव दिसलं.

कागद कोरा होता.

पूर्ण पांढरा, चारी बाजूंनी काळजीनं आखलेली काळी चौकट आणि मधे काही नाही. खाली सरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘परमेश्वर. आहे सगळीकडं, दिसत नाही एवढंच.’

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग योगीराजनं त्याच्या त्या म्हशी थबकवणाऱ्या आवाजात ते वाचलं आणि भिंत दणाणली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. “एक नंबर! परम्या, तुझं सगळ्यात भारी हाय!” कुणी पाठीवर थाप मारली, कुणी त्याला उचललं, कुणी कोऱ्या कागदाशेजारी उभं करून मोबाइलवर फोटो घेतला. सात वर्षांत झाला नव्हता एवढा परमेश्वरचा बोलबाला त्या अर्ध्या तासात झाला. तोही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. विनोद चांगलाच होता, दुसऱ्या कुणाच्या नावाचा असता तर त्यानं न्हाणीत चार वेळा म्हणून बघितला असता.

एक प्रश्न मात्र मनातून जात नव्हता. सरांनी हे सुचलं म्हणून केलं, की काहीच सुचलं नाही म्हणून?

हळूहळू गाड्या आल्या, पेट्या चढल्या. आया रडल्या, बापांनी घड्याळं बघितली. चित्रं एकेक करून दोरीवरून उतरली. परमेश्वरची माय शिवकन्याबाई पोचली तेव्हा निम्मं मैदान रिकामं झालं होतं. बाप तिकडं करीमनगरला जेसीबी चालवायचा, त्याला सुट्टी नव्हती. माय गावात अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळचा खाऊ वाटून निघाली, जिंतूरला बस लवकर लागली नाही, म्हणून उशीर.

“ते चित्र काढतेत म्हन्ला व्हतास ना?” पेटीला हात लावायच्या आधी तिनं विचारलं. “तुजं कुठंय?”

परमेश्वरनं बोट दाखवलं. तिनं कागदाकडं बघितलं. मग खालच्या ओळी बोट फिरवत सावकाश वाचल्या. तिला हसू आलं नाही.

“म्हंजी काढलंच न्हाई.”

“माय, गंमत हाय ती. समदे लय हसले.”

“तू हसलास?”

“हसलो की.”

मायनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग पदर खोचला, चिमटे काढून तो कागद हातात घेतला आणि विचारलं, “सर कुठं बसतेत?”

“माय, नको ना. आपली बस जाईल.”

पण ती चालायला लागली होती. चित्रकलेच्या खोलीत वाव्हळे सर एकटे बसून ब्रश धूत होते. दारात महारुद्र आपल्या पेटीवर बसून मामाच्या जीपची वाट बघत होता. गंगाखेडहून निघालेली ती जीप दुपार झाली तरी आली नव्हती.

“नमस्कार सर,” माय म्हणाली. “मी ह्याची माय. ह्याचं चित्र ऱ्हायलंय.”

सर हसत उठले. “अहो, ते तसंच आहे, ताई. नावावरून कोटी केली जरा. पोरांना फार आवडली.”

“व्हय, चांगली हाय. पर बापाला काय दाखवू मी? तेनं फोनवर इचारलं तर कोरा कागद हाय म्हनू?”

सरांचं हसू राहिलं, पण डोळे खाली गेले. ब्रश पुसत पुसत ते म्हणाले, “ताई, खोटं बोलून काय करू. मी रोज काढायला बसायचो. पण चेहराच डोळ्यासमोर येईना. नाव माहीत, बाक माहीत, पण...” त्यांनी परमेश्वरकडं बघितलं. “रागावू नकोस रे. शेवटी असं केलं.”

उत्तर मिळालं होतं. परमेश्वरला वाटलं होतं, मिळालं की बरं वाटेल.

माय काही चिडली नाही. तिनं भिंतीकडचं एक स्टूल उचललं आणि सरांच्या समोर आणून ठेवलं. “मग आता समोर हाय की. काढा.”

परमेश्वर स्टुलावर बसला. सरांनी नवा कागद लावला. कुणी आपल्याकडं सरळ, मान न वळवता, इतका वेळ बघावं याची त्याला सवयच उरली नव्हती. हात कुठं ठेवावेत कळेना. नाक, कान, भुवया सगळं आपलं नसून मागून आणल्यासारखं वाटायला लागलं. सर दोन रेघा मारायचे, खोडायचे. पुन्हा मारायचे, पुन्हा खोडायचे. खोडरबराचा भुगा टेबलावर साचला.

“धरायला काही सापडेना रे,” सर पुटपुटले. “काय आवडतं तुला? काही करतोस का, गाणं, खेळ?”

“काही न्हाई, सर.”

“काही न्हाई कसं?” माय मधेच बोलली. “शाळेत यायच्या आदी गावात समद्यांच्या नकला करायचा की. सरपंच कसे चालतेत, तलाठी पान कसं खातेत. लोक बलावून न्यायचे ह्याला.”

“माय, गप ना.”

“अजून करतोस?” सरांनी विचारलं. “दाखव बरं.”

“येत न्हाई, सर.”

“मला चित्र तरी काढता येईल रे. दाखव.”

परमेश्वर उठला. खोलीत आरसा नव्हता. तो थोडा वेळ खिडकीकडं तोंड करून उभा राहिला, आणि वळला तेव्हा छाती पुढं आली होती, मान ताठ झाली होती आणि योगीराजचा तो पोटातून निघणारा “साऽऽवधान” खोलीत असा घुमला की दारातला महारुद्र पेटीवरून ताडकन उठून उभा राहिला. मग भुजंग आला, दोरीवर चढता चढता पाल दिसल्यावर थिजलेला, एक डोळा मिटून घेतलेला. मग नागनाथ भाकरी मोजून घेत नाही असं दाखवत मोजून घेणारा. प्राचार्य, चष्मा पुसत ‘एकंदरीत’ म्हणणारे. मग महारुद्र, रायफल खांद्यावरून घसरली की जणू ठरवूनच घसरवली अशी ऐट आणणारा.

महारुद्र हसून हसून दाराला टेकला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “आणि? अजून?”

परमेश्वरला आता थांबता येत नव्हतं. किती वर्षांचं साचलेलं होतं. त्यानं एक हात कानाला लावला, दुसरा पाठीमागं घेतला, मान रेंज शोधल्यासारखी थोडी वर केली.

“जेवलीस का?” आवाज सरांचा होता, पण वर्गातला नाही, मऊ. “मी? जेवलो. भाजी केली होती. वांग्याची. हो, खरंच. बरं, अभ्यास असेल तर... आईला दे. झोपली? राहू दे, उठवू नको. मी ठेवतो.” इथं त्यानं हात खाली आणला नाही. तसाच कानाला धरून, ओठ किंचित हलवत, टाकीभोवती सावकाश एक चक्कर मारावी तसा चालला. “हं... हं... बरं...” समोरून कुणी येत असल्यासारखा जरा हसला, मान हलवली, आणि मग हळूच हात खिशात घातला.

महारुद्रचं हसू मधेच थांबलं. सरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

परमेश्वरच्या लक्षात आलं आणि त्यानं खिशातला हात बाहेर काढला. “सर, चुकलं.”

“फोन बंद झाल्यावरही बोलतो मी. हे तुला कधी दिसलं?”

“आमच्या व्हरांड्यातून टाकी दिसती, सर. रोज.”

“आणि वांग्याची भाजी?”

“तुमच्या क्वार्टरमधून वास नेहमी खिचडीचाच येतो, सर.”

सरांनी खोडरबराचा भुगा हातानं टेबलाच्या कडेला लोटला. खिडकीबाहेर कुणाची तरी गाडी चालू झाली, निघून गेली. मग ते म्हणाले, “एवढं सगळं तुझ्यात होतं, तर कधी स्टेजवर का आला नाहीस रे?”

“कुणी इचारलंच न्हाई, सर.” आणि जरा थांबून तो म्हणाला, “मीबी कुणाला सांगितलं न्हाई.”

“बस,” सर म्हणाले. “तिथंच बस. माझ्याकडं बघ.”

या वेळी पेन्सिल थांबली नाही. महारुद्र सरांच्या मागं येऊन उभा राहिला. एकदा कागदाकडं, एकदा परमेश्वरकडं बघत तो म्हणाला, “आरं परम्या, आपण एकाच खोलीत होतो ना रे?” विचारताना तो चेष्टा करत नव्हता. तेवढ्यात फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. त्यानं घाईनं पेटी उचलली, पेटीच्या वजनानं एका बाजूला झुकत पळाला, आणि मैदानातून ओरडला, “फोन कर रे! नक्की कर!” परमेश्वरनं हात हलवला. एकमेकांचा नंबर दोघांकडंही नव्हता.

चित्र झालं तेव्हा सावल्या भिंतीवर चढल्या होत्या. त्यात गंमत काहीच नव्हती. नाक मोठं नाही, कान ताणलेले नाहीत. स्टुलावर बसलेला एक मुलगा, समोर बघणारा, काहीतरी विचारायच्या बेतात असलेला. खाली सरांनी ओळ लिहिली नाही, नुसती सही केली. परमेश्वर त्या पोराकडं बघत राहिला. ओळखीचा वाटला, पण कुठं भेटलाय ते आठवेना, अशातला प्रकार.

“ह्येच्या बापावर गेलंय,” माय खुशीत म्हणाली. कोरा कागद तिनं टेबलावरच ठेवला होता. सरांनी तो उचलला, परमेश्वरला विचारलं, “हा?”

“तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सर.”

सर त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आले. पेटीचं एक कडं सरांनी धरलं, एक त्यानं. बस यायला वेळ होता. दोघांनाही बोलायचं असावं, पण शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्याच्या कडेला उभे राहून काय बोलणार? सरांनी पुढं काय करणार विचारलं, त्यानं बीए म्हणून सांगितलं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यानं मागं बघितलं. सर फाटकाकडं वळले नव्हते. बस वळणाला लागेपर्यंत ते तिथंच, रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि आता त्यांच्या मागं त्या मोठ्या मैदानात बारावीचं कुणीच उरलं नव्हतं.

गावात पहिले काही दिवस परमेश्वरला पहाटेच जाग यायची. शिट्टी नसायची, बुटांचा आवाज नसायचा. तो उठून दारात बसायचा आणि माय अंगणवाडीत गेली की दिवस संपता संपायचा नाही. बरोबरीची पोरं पुण्याला नाहीतर संभाजीनगरला कंपन्यांत गेलेली. जी होती ती त्याला अहो-जाहो करायची, कारण अकराव्या वर्षी गेलेला मुलगा त्यांच्या कुठल्याच आठवणीत नीट बसत नव्हता. गल्लीतल्या बाया घागर सावरत बाजूनं जायच्या, पाहुण्याला बघावं तसं बघून.

एका संध्याकाळी तो जुन्या देवळाकडं फिरत गेला. पायरीवर एक म्हातारा काठी गुडघ्यात धरून बसला होता. परमेश्वर नेहमीच्या सवयीनं अंग चोरून पलीकडून निघाला.

“कोन रे?” म्हाताऱ्यानं हाक मारली. “कुनाचा तू?”

पुढं गेलं असतं तरी चाललं असतं. म्हाताऱ्याला धड दिसत नव्हतं, त्यानं दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. परमेश्वर दोन पावलं गेला, थांबला आणि परत आला. पायरीखाली उभं राहून त्यानं आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, घर कुठलं ते सांगितलं. सांगताना आवाज मोठा निघाला, परेडवर निघावा तसा.

म्हाताऱ्यानं कपाळावर हात धरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “शिवकन्याचं पोरगं व्हय,” तो म्हणाला. “किती उंच झालास. बस की मग, उभा का?”

परमेश्वर बसला. दगड दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होता. म्हातारा म्हणाला, “बोल, काय चाललंय?” आणि परमेश्वर सांगायला लागला, दुसरा प्रश्न येईल इतकं.